औषधाचा सामू : बाटली आणि शरीर यांमधील तडजोड

(तृतीय वर्ष कला)

कोणतेही औषध दोन घरांत नांदत असते. पहिले घर म्हणजे बाटली, कुपी किंवा गोळ्यांची पट्टी. दुसरे घर म्हणजे रोग्याचे शरीर. पहिल्या घरात त्याला महिनोन्‌महिने, कित्येकदा दोन-तीन वर्षे, आपले मूळ स्वरूप न सोडता राहावयाचे असते. दुसऱ्या घरात मुक्काम थोड्या तासांचा, पण तेवढ्या अवधीत सारे काम उरकावयाचे असते. अडचण अशी की या दोन घरांचे हवापाणी क्वचितच सारखे असते. एका घरात आंबटपणा मानवतो, तर दुसऱ्या घरात तोच बाधतो. औषध बनविणाऱ्याला या दोन्ही घरांचा मेळ घालावा लागतो. तो मेळ कसा घातला जातो, आणि आपण रोगी किंवा रोग्याचे नातेवाईक म्हणून तो नकळत कसा मोडून टाकतो, याची ओळख करून देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

कला महाविद्यालयाच्या अंकात हा विषय कशासाठी, असा प्रश्न कुणी विचारील. माझे थोरले बंधू औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन औषधाच्या दुकानात बसतात. त्यांची जुनी क्रमिक पुस्तके चाळता चाळता मला या विषयाची गोडी लागली. शिवाय शास्त्र शाखेचा असो की कला शाखेचा, औषध घेण्याची पाळी कुणाला चुकलेली नाही. तेव्हा फार खोलात न शिरता, पण सोपेपणासाठी सत्याला मुरड न घालता, विषय मांडतो.

आम्ल, अल्क आणि सामू

लिंबू, चिंच, ताक, शिरका ही आम्लधर्मी पदार्थांची घरातली उदाहरणे. खाण्याचा सोडा, चुना, साबण, लाकडाची राख ही अल्कधर्मी पदार्थांची. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत जावयाचे कारण नाही. जेवताना सदऱ्यावर हळदीचा डाग पडतो, त्यावर साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. साबण अल्कधर्मी, म्हणून हा रंगबदल. त्याच डागावर लिंबू पिळले तर तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करण्याच्या जुन्या रीतीमागे हेच रसायनशास्त्र आहे.

परंतु 'आंबट' आणि 'फार आंबट' एवढ्याने शास्त्राचे भागत नाही, त्याला आकडा हवा असतो. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग या बिअर बनविणाऱ्या संस्थेची एक प्रयोगशाळा होती. तेथे काम करणाऱ्या सोरेन्सन या शास्त्रज्ञाने १९०९ साली हे माप रूढ केले. इंग्रजी पुस्तकांतला 'पीएच' तो हाच. मराठी क्रमिक पुस्तकांत त्याला 'सामू' म्हणतात. मापपट्टी साधारणतः ० ते १४ अशी. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ ते २.५ असतो, जठररसाचा १.५ ते ३.५, आणि निरोगी माणसाच्या रक्ताचा ७.३५ ते ७.४५.

या मापाची एक खुबी ध्यानात ठेवली पाहिजे. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता एक पटीने नव्हे, दहा पटींनी वाढते. ७ वरून ४ वर येणे म्हणजे हजार पटींची वाढ. रक्ताच्या सामूला निसर्गाने अवघ्या एक-दशांश अंकाची मोकळीक का दिली आहे, हे यावरून समजेल.

बफर म्हणजे काय?

एकदा ठरविलेला सामू कायम राखणे हे सोपे काम नव्हे. एक लिटर शुद्ध पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे केवळ एक मिलिलिटर टाकले तर सामू ७ वरून थेट २ च्या आसपास येतो. इतकेच काय, शुद्ध पाणी उघडे ठेवले तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते किंचित आम्लधर्मी होते. साध्या काचेची बाटली याच्या उलट वागते. तिच्यातून थोडा थोडा अल्क पाण्यात उतरत राहतो. इंजेक्शनच्या कुप्यांसाठी बोरोसिलिकेट ही विशेष काच वापरतात त्याचे मुख्य कारण हेच.

यावर उपाय म्हणजे बफर. एखादे सौम्य आम्ल आणि त्याचेच लवण एकत्र ठेवले की बफर तयार होतो. बाहेरून आम्ल आले तर लवण ते पोटात घेते. अल्क आला तर सौम्य आम्ल त्याला सामोरे जाते. घरातली कणगी धान्याने भरलेली असली की दोन पाहुणे अचानक जेवायला आले तरी गृहिणीची धांदल उडत नाही, तसा हा प्रकार आहे. वर सांगितलेले एक मिलिलिटर आम्ल शुद्ध पाण्याऐवजी अशा एक लिटर द्रावणात टाकले, की ज्यात ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट प्रत्येकी एक-दशांश मोल आहे, तर सामू ४.७६ वरून ४.६५ च्या आसपास येतो. एकीकडे पाच अंकांची घसरण आणि दुसरीकडे जेमतेम एक-दशांशाची!

बफरचे गणित १९०८ साली अमेरिकेतील हेंडरसन यांनी मांडले. पुढे डेन्मार्कच्या हॅसलबाल्ख यांनी त्याला लघुगणकाचे रूप दिले. त्याचा मथितार्थ असा : प्रत्येक सौम्य आम्लाचा स्वतःचा एक अंक असतो. आम्ल आणि लवण समप्रमाणात असले की द्रावणाचा सामू त्या अंकाइतका होतो. लवण दसपट केले तर तो एकाने चढतो, आम्ल दसपट केले तर एकाने उतरतो. याच्या पलीकडे त्या बफरचा जोर चालत नाही. म्हणून ४ ते ६ च्या सुमारास सायट्रेट किंवा ॲसिटेट, ७ च्या सुमारास फॉस्फेट आणि त्याही वर बोरेट, अशी निवड करतात. अर्थात केवळ आकडा जुळून भागत नाही. बोरिक आम्ल आणि टाकणखार डोळ्यांच्या औषधात चालतात, पण इंजेक्शनात चालत नाहीत, कारण रक्तात गेल्यास ते विषारी ठरतात.

बाटलीची बाजू

प्रथम पहिल्या घराचा विचार करू. ॲस्पिरिनच्या गोळ्यांची जुनी बाटली उघडली तर कधी कधी शिरक्याचा वास येतो. हवेतील दमटपणाने ॲस्पिरिनचे विघटन होऊन त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते, आणि शिरक्याचा आंबटपणाही त्याच आम्लाचा. ॲस्पिरिन पाण्यात विरघळवून ठेवले तर सामू २.५ च्या आसपास ते त्यातल्या त्यात टिकते, पण तेथेही फार काळ नाही. ॲस्पिरिनचे तयार पातळ औषध बाजारात सहसा दिसत नाही ते यामुळे.

पेनिसिलिनची तऱ्हा वेगळी. इंजेक्शनातून दिले जाणारे मूळचे पेनिसिलिन पाण्यात असताना ६ ते ७ या सामूला सर्वांत स्थिर असते. जठररसासारख्या आम्लात त्यातले निम्मे काही मिनिटांतच नष्ट होते, आणि तीव्र अल्कातही ते टिकत नाही. म्हणून ते कोरड्या भुकटीच्या रूपात कुपीत भरतात, सोबत थोडे सायट्रेट घालतात आणि आयत्या वेळी पाणी मिसळतात. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला तो मुख्यतः पेनिसिलिनसाठीच. त्याच कुळातले ॲमॉक्सिसिलिन लहान मुलांना देण्यासाठी बाटलीत भुकटीच्या रूपाने मिळते. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ती हलवावयाची आणि बहुधा सात दिवसांत संपवावयाची, अशी सूचना वर छापलेली असते. पाणी घातल्या क्षणापासून औषधाचे घड्याळ सुरू होते. बरे वाटले म्हणून अर्धी बाटली फळीवर ठेवून पुढच्या महिन्यात धाकट्या भावंडाला पाजणे म्हणजे औषधाच्या नावाखाली गोड पाणी पाजण्याचाच प्रकार होय.

ॲड्रेनॅलिन हे तिसरे उदाहरण. उदासीन किंवा अल्कधर्मी द्रावणात हवेतील प्राणवायूने ते बिघडते. आधी गुलाबी होते, मग तपकिरी. म्हणून त्याचे द्रावण मुद्दाम आम्लधर्मी ठेवतात. औषध टिकविणाऱ्या संरक्षक द्रव्यालाही सामूचे बंधन असतेच. सोडियम बेंझोएट बुरशीला आवर घालते, पण आम्लधर्मी द्रावणातच. सामू ५ च्या वर चढला की त्याचा प्रभाव ओसरतो.

शरीराची बाजू

आता दुसरे घर. येथे औषधाच्या टिकाऊपणाला कुणी विचारीत नाही. ते झोंबते का आणि पोहोचते का, हे दोनच प्रश्न.

अश्रूंचा सामू सुमारे ७.४ असतो. काचबिंदूवर दिले जाणारे पायलोकार्पिन मात्र त्या सामूला लवकर खराब होते, म्हणून त्याचे थेंब आम्लधर्मी ठेवणे भाग पडते. मग ते डोळ्याला सोसावे कसे? येथे औषधनिर्मात्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. तो बफर मुद्दाम दुबळा ठेवतो. बाटलीत सामू राखण्यापुरतीच त्याची ताकद. थेंब डोळ्यात पडताच अश्रू त्याला थोड्याच वेळात आपल्या सामूवर ओढून घेतात. बलवान बफर वापरला असता तर थेंब आपला हेका सोडता ना आणि डोळा चुरचुरत राहता. बफर चांगला म्हणून तो जितका जोरकस तितका बरा, ही समजूत चुकीची आहे. कुठे हटून बसावे आणि कुठे माघार घ्यावी हे त्याला कळले पाहिजे.

दात काढण्यापूर्वी हिरडीत बधिरतेचे इंजेक्शन देतात. त्यात बहुधा लिग्नोकेन असते आणि त्याचा परिणाम लांबावा म्हणून ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते. ॲड्रेनॅलिन टिकावे म्हणून द्रावण आम्लधर्मी, आणि म्हणून ते टोचताना झोंबते. काही डॉक्टर ऐन वेळी त्यात थोडा सोडियम बायकार्बोनेट मिसळून ही झोंबणी कमी करतात.

पण खरी मौज पुढे आहे. लिग्नोकेनचे विद्युतभार नसलेले कणच मज्जातंतूच्या आवरणातून आत जाऊ शकतात. शरीराच्या ७.४ या सामूला अशा कणांचे प्रमाण साधारण चौथा हिस्सा असते. दाताच्या मुळाशी पू झाला असेल तर तेथला भाग आम्लधर्मी बनतो. सामू ६.४ पर्यंत उतरला असे धरले, तर हे प्रमाण शंभरात तीनवर येते. ठणकणाऱ्या, सुजलेल्या दाताला बधिरता नीट का चढत नाही, याचे एक कारण येथे सापडते. त्यात दंतवैद्याच्या हाताचा दोष नसतो.

जठराची वेस

तोंडाने घेतलेल्या औषधाला जठराची वेस ओलांडावी लागते. तेथे आम्लाचा पहारा असतो. काही औषधे या पहाऱ्यात मारली जातात, त्यांना मग कवच चढवावे लागते. हे कवच आम्लात विरघळत नाही. लहान आतड्यात सामू साडेपाच-सहाच्या वर गेला की ते उघडते आणि औषध मोकळे होते.

पित्तावर हल्ली सर्रास घेतले जाणारे ओमेप्रॅझोल हे याचे उत्तम उदाहरण. जठरातले आम्ल कमी करणारे हे औषध स्वतः आम्लात टिकत नाही! म्हणून त्याच्या कॅप्सूलमध्ये कवच चढविलेले बारीक दाणे भरलेले असतात. ते आतड्यात उघडतात, औषध रक्तात जाते आणि रक्तावाटे जठराच्या भिंतीतील आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते. तेथे गेल्यावर मात्र त्याला आम्लाचीच गरज लागते. त्या पेशीतील आम्लानेच ते कार्यक्षम बनते. जे आम्ल वेशीवर घातक, तेच मुक्कामाच्या ठिकाणी उपकारक!

माझे बंधू सांगतात, की वयस्क माणसांना कॅप्सूल गिळवत नाही म्हणून घरची मंडळी ती फोडून आतले दाणे खलबत्त्यात कुटतात आणि मधातून चाटवतात. हेतू चांगला, पण कुटताना कवच फुटते आणि औषधाचा बराचसा भाग जठरातच वाया जातो. मग 'औषध लागू पडत नाही' असा शिक्का बसतो. कवचाची गोळी फोडण्याआधी औषध देणाऱ्याला एक शब्द विचारावा, एवढे साधे पथ्य आहे.

इन्शुलिन : सामूचाच उपयोग

आतापर्यंत दोन घरांतल्या फरकाची अडचण पाहिली. इन्शुलिनच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी त्या फरकाचाच उपयोग करून घेतला. १९२१ साली कॅनडात बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रोग्याला टोचले गेले. सुरुवातीची इन्शुलिने आम्लधर्मी द्रावणात असत, कारण ५.३ ते ५.४ या सामूच्या आसपास ते सर्वांत कमी विरघळते आणि साक्याच्या रूपाने खाली बसते. शिवाय त्याचा परिणाम थोड्या तासांत ओसरे, म्हणून दिवसातून अनेकदा टोचून घ्यावे लागे. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ साली माशांपासून मिळणारे प्रोटामिन हे अल्कधर्मी प्रथिन त्याला जोडले. त्यांच्याच प्रयोगशाळेतून १९४६ साली उदासीन सामूचे, गढूळ दिसणारे, सावकाश शोषले जाणारे इन्शुलिन बाहेर पडले.

सन २००० पासून वापरात आलेले ग्लार्जिन त्याहूनही पुढचे. या इन्शुलिनच्या रेणूत असे फेरफार केले आहेत की कुपीत सामू ४ ला ते पूर्ण विरघळलेले, पाण्यासारखे नितळ राहते. त्वचेखाली गेल्यावर ७.४ च्या परिसरात त्याचा साका बनतो, आणि त्या साक्यातून ते थोडे थोडे सुटत सुमारे चोवीस तास पुरते. म्हणूनच ते दुसऱ्या इन्शुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळू नये, अशी सक्त ताकीद असते. मिसळले की सामू बदलतो आणि सारा हिशेब चुकतो.

जलसंजीवनीची कथा

या विषयातले सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र सर्वांत स्वस्त औषधाचे आहे. पटकीच्या जुलाबांवाटे पाणी आणि मीठ यांच्याबरोबर बायकार्बोनेट हा अल्कही शरीराबाहेर जातो. रक्ताचा सामू उतरतो आणि रोगी धापा टाकू लागतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीने थैमान घातले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस काम करीत होते. शिरेतून द्यावयाचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा त्यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण तोंडाने देण्याचा धीट निर्णय घेतला. त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. त्यांचे निधन २०२२ साली झाले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

यातला सोडा रक्ताचा उतरलेला सामू सावरण्यासाठी होता. पण पुढे हे मिश्रण पुड्यांत भरून गावोगाव पाठवू लागल्यावर पहिल्या घराने आपले गाऱ्हाणे मांडले. उष्ण व दमट हवेत सोड्याच्या सान्निध्यात ग्लुकोज बिघडे, पुडीत गठ्ठे होत आणि रंग तपकिरी पडे. शरीराला हवा असलेला अल्क पुडीला सोसत नव्हता. तोड निघाली ती सायट्रेटमधून. ट्रायसोडियम सायट्रेट पुडीत शांत राहते, पण शरीरात गेल्यावर त्याच्या ज्वलनातून बायकार्बोनेट तयार होते. १९८४ साली जागतिक आरोग्य संघटनेने सोड्याच्या जागी त्याची शिफारस केली. २००२ च्या सुधारित सूत्रातही लिटरमागे २.९ ग्रॅम सायट्रेट कायम आहे. म्हणजे अल्क पुडीत भरावयाचाच नाही, तो शरीराकडून तयार करवून घ्यावयाचा! पावसाळ्यात महिनोन्‌महिने आरोग्य केंद्राच्या कपाटात पडलेली पुडी ऐन वेळी उपयोगी पडते, ती या बदलामुळे.

मेळ मोडतो तेव्हा

कारखान्यात जपलेला हा मेळ शेवटच्या क्षणी रोग्याच्या खाटेशीही मोडू शकतो. आकडीवर दिल्या जाणाऱ्या फेनिटॉइनच्या इंजेक्शनचा सामू सुमारे १२, कारण त्याहून कमी अल्कतेत ते विरघळलेले राहतच नाही. ग्लुकोजची शिरेतून द्यावयाची बाटली मात्र आम्लधर्मी असते. फेनिटॉइन त्या बाटलीत मिसळले तर त्याचे स्फटिक खाली बसू लागतात. रोग्याला औषध कमी मिळते आणि स्फटिक शिरेत जाण्याचा धोका राहतो तो वेगळाच. म्हणून ते मिठाच्या पाण्यातच देण्याचा दंडक आहे. 'सारी सलाइने सारखीच' असे आपण बाहेर बाकावर बसून म्हणतो, पण परिचारिकेला तसे म्हणून चालत नाही. १९५५ साली प्रथम निघालेल्या आणि वेळोवेळी सुधारल्या जाणाऱ्या इंडियन फार्माकोपिया या अधिकृत ग्रंथात इंजेक्शनांच्या सामूच्या मर्यादा दिलेल्या असतात, त्या अशाच कारणांसाठी.

समारोप

तात्पर्य, चांगला सामू किंवा वाईट सामू असे स्वतंत्रपणे काही नसते. औषध कोणते, ते किती दिवस ठेवावयाचे, शरीरात कोठे सोडावयाचे, यांवर तो ठरतो. आणि बहुतेक वेळा तो दोन्ही घरांपैकी एकालाही पूर्णपणे पसंत नसतो, फक्त दोघांनाही चालण्याजोगा असतो. ती चालण्याजोगी जागा शोधण्यात कुणाची तरी वर्षे गेलेली असतात.

आपल्या वाट्याला त्यातले फार थोडे येते. पाणी घातलेले औषध मुदतीत संपविणे, कवचाची गोळी न विचारता न फोडणे, रंग बदललेले द्रावण टाकून देणे, एका इंजेक्शनात दुसरे आपल्या मनाने न मिसळणे आणि पावसाळ्याच्या तोंडावर घरात जलसंजीवनीच्या दोन पुड्या आणून ठेवणे. बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेल्या सूचनांमागे एवढा विचार असतो हे वाचकांच्या ध्यानी राहिले, आणि त्या सूचना यापुढे कुणी एकदा तरी शेवटपर्यंत वाचल्या, तरी या लेखाचे काम झाले असे मी समजेन.